काटेवाडीच्या ग्रामसभेस: सामायिक ठेव्याचाही उतारा निघू द्या

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेचे सर्व सभासद,
काटेवाडी, ता. बारामती, जि. पुणे

विषय: गावाच्या सामायिक नैसर्गिक व सांस्कृतिक ठेव्याची नोंदवही ग्रामसभेने स्वतः करण्याबाबत



मी तुमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्याचा. काटेवाडी मागे पडली की सणसर येतं आणि तालुका बदलतो. कालवा, ऊस, मेंढरं आणि तुकोबांची पालखी यांना ती हद्द कधी आडवी आलेली नाही. तेव्हा हे पत्र परक्याचं न समजता बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचं समजावं.

राज्याच्या राजकारणातलं मोठं घराणं ज्या गावचं, त्या गावाच्या नावाने येणारी बहुतेक निवेदनं खरं तर दुसऱ्याच कुणासाठी असतात. माझी मागणी कुठल्या नेत्याकडे नाही, मंत्रालयाकडे नाही आणि पैशाची तर नाहीच. ती ग्रामसभेकडे आहे. काटेवाडीत जे कुणा एकाच्या मालकीचं नाही आणि तरी ज्याच्यावाचून गाव चालत नाही, त्याची यादी ग्रामसभेने स्वतः करावी, भर सभेत वाचून दाखवावी आणि ठराव करून ती गावच्या दप्तरात ठेवावी. एवढंच मागणं आहे. त्यामागची कारणं सविस्तर मांडतो.

नोंदीचं वेड आपल्या भागाला नवीन नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची जमीन मोजणी ज्या तालुक्यात बसली तो इंदापूर. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने बसवलेला सारा इतका जड गेला की रयतेने जमिनी टाकल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापुरात पुन्हा मोजणी केली. शेतांना नंबर दिले, मातीची खोली पाहिली, तिच्यातला चुना, रेती, उतार, पाझर असे दोष पाहिले, आण्यांच्या हिशेबाने प्रत लावली आणि १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी सारा ठरवून टाकला. हीच पद्धत पुढे इलाखाभर गेली. आज महाराष्ट्रातला शेतकरी तलाठ्याकडे जाऊन ज्या नंबराने आपली जमीन सांगतो, त्या नंबराची वाट आपल्या या दुष्काळी पट्ट्यातून निघाली आहे.

त्या मोजणीचा हेतू मात्र सारा हाच होता. म्हणून ज्या जमिनीतून सारा निघणार ती चोख नोंदली गेली आणि ज्यातून काही वसूल होणार नाही ते पोटखराबा, गायरान, नाला, वाट, गावठाण अशा रकान्यांत लोटलं गेलं. दीडशेहून अधिक वर्षं तो कल बदललेला नाही. अलीकडे घरांचीही नोंद झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाण ड्रोनने मोजण्याचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू होऊन पुढे देशभर गेली. आता शेताला सातबारा आहे, घराला मालमत्ता पत्रक आहे, गाडीला आरसी बुक आहे. उरलं ते सामायिक. त्याला नंबर नाही, म्हणून त्याच्या बाजूने बोलायला कागद नाही. ते गेलं तर कुणाचं गेलं हेही सांगता येत नाही.

काटेवाडीपुरतं हे काय आहे, ते तुमच्या गावच्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीपासून पाहू. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे जाताना तुमच्याकडे विसावते. परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला, इंदापूरला, अकलूजला रिंगणात अश्व धावतात. पालखीभोवती मेंढ्या धावतात त्या काटेवाडीत. कळपावर रोगराई येऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. नारायणबाबांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या या सोहळ्यात घोडे आहेत, मानकरी आहेत, दिंड्यांचे क्रम आहेत. त्या सगळ्यांत मेंढपाळाला आणि परिटाला स्वतःच्या कामासकट जागा मिळालेलं गाव म्हणून काटेवाडीकडे पाहावं लागतं.

हे रिंगण काही मिनिटांचं. उरलेलं वर्षभर ते कशावर उभं असतं? आधी कळप हवेत. कळपांमागे धनगर कुटुंबं हवीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीला मेंढरं राखण्यात काही अर्थ वाटायला हवा. चारा हवा, पाणवठा हवा. पावसाळ्यात कळप उभा करायला मुरमाड माळ हवा, कारण काळ्या रानातल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. पीक निघालेल्या रानात शिरायला शेतकऱ्याची हरकत नको. रात्री शेतात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवली की लेंडी आणि मुताचं खत रानाला मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख मिळते, हा जुना व्यवहार टिकायला हवा. एका गावाहून दुसऱ्या गावाला कळप नेण्याची वाट हवी. यातलं एकेक निखळत गेलं तरी रिंगण काही वर्षं होत राहील. बाहेरून टेम्पोने मेंढरं आणता येतील, फोटोही चांगले येतील. पण ते गावचं रिंगण असणार नाही.

रस्त्याचंच घ्या. पाटस, बारामती, इंदापूर असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. वारकऱ्यांसाठी कडेने पायी चालायची सोय ही त्यातली चांगली गोष्ट. वारीच्या गर्दीत ट्रकच्या बाजूने चाललेल्या माणसाला तिची किंमत कळते. पण रस्ता आखणाऱ्याच्या नकाशात ज्याला नंबर आहे तेच दिसतं. कुणाची विहीर गेली, कुणाचे किती गुंठे गेले, याचा मोबदला ठरतो. कळपाची ओलांडायची जागा, दिंडी ज्या झाडाखाली टेकायची ते झाड, बायका धुणं घेऊन जायच्या ती वाट, यांचा मोबदला कुणाच्या नावे काढणार? भूसंपादनाच्या नोटिशीला उत्तर देताना गावाने ‘ही आमची सामायिक नोंद’ म्हणून ठरावाचा कागद पुढे केला असता, तर निदान हरकत लेखी राहिली असती. पुढचा रस्ता, पुढची पाइपलाइन, पुढचा सौरप्रकल्प येईल तेव्हा तो कागद तयार असावा असं मला वाटतं. गायरानावर सौरऊर्जा प्रकल्प उभे करण्याचा सरकारचा कल उघड आहे. त्याला होकार द्यायचा की नकार, हा तुमचा प्रश्न. मात्र त्या जमिनीवर आज कोण काय करतं, हे ठाऊक नसताना दिलेला होकारही आंधळा आणि नकारही आंधळा.

आता पाण्याकडे येतो, कारण काटेवाडीला आणि आमच्या निम्म्या तालुक्याला आजचं रूप नीरा डाव्या कालव्याने दिलं. १८७५ च्या मे महिन्यात तुमच्याच तालुक्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला, पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि १८८० च्या दशकात भाटघरच्या पाण्यावर हा कालवा सुरू झाला. त्याआधीचं शिवार म्हणजे ज्वारी, बाजरी आणि पावसाची वाट. कालव्यामागून ऊस आला, गुऱ्हाळं आली, भवानीनगरला आणि माळेगावला सहकारी कारखाने उभे राहिले. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

कमी सांगितली जाते ती दुसरी गोष्ट. पाणी आल्यावर एका पिढीच्या आत नीरेच्या खोऱ्यातल्या जमिनी खारवायला लागल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या शेतीशास्त्रज्ञांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र अहवालच लिहिला. भरमसाट पाणी दिलं की जमिनीखालची पाणीपातळी वर चढते, सोबत क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरा थर मागे राहतो. उपाय निचऱ्याचा. गोम अशी, की निचरा एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही. वरच्याने पाणी आवरायला हवं आणि खालच्याने चर अडवता कामा नये. सातबारा ज्याच्या त्याच्या नावावर असला तरी जमिनीच्या पोटातलं पाणी सामायिकच असतं. चोपण झालेला तुकडा एकाच्या नावावर दिसतो, पण तो बिघडवण्यात पुऱ्या शिवाराचा हात असतो. म्हणून निचऱ्याच्या चरांना आणि नाल्यांना या यादीत पहिल्या पानावर जागा हवी. कुठले चर बुजले, कुठले नांगरात गेले, कुणी कडेला माती टाकून वाफा वाढवला, हे गावातल्या साठीपुढच्या माणसांना अजून ठाऊक आहे. आणखी दहा वर्षांनी ते सांगणारं कुणी नसेल.

कालव्याच्या पाण्याला नियम लावण्याचाही आपल्याकडे मोठा इतिहास आहे. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली. तिचा गाभा असा, की ठरलेल्या क्षेत्रातल्या एका हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात हलकी पिकं, आणि उसाची जागा फिरती. शेजपाळीने पाणी घ्यायचं, पाळी चुकवायची नाही, पाटकऱ्याशी भांडायचं ते चारीवरच मिटवायचं, हे संस्कार पुढच्या काळात घट्ट झाले. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. या सगळ्यात पाण्याचे नियम पाळण्याची आणि मोडण्याचीही एक गावठी शहाणीव साठलेली आहे. कुठली पाळी कुणाला, रात्रीचं पाणी कुणी धरायचं, विधवेच्या किंवा आजाऱ्याच्या रानाची पाळी कोण सांभाळतं, हे कुठल्याही शासन निर्णयात सापडणार नाही. कालवा सरकारचा असेल, पण पाणी वाटून घेण्याची ही रीत तुमची आहे. सांस्कृतिक ठेवा म्हटलं की आपल्याला देऊळ, यात्रा, कुस्तीचा आखाडा आठवतो. माझ्या मते पाळीचे हे अलिखित नियमही त्याच पंगतीला बसतात.

तिसरी गोष्ट माळाची. उसाचं वैभव डोळ्यांत भरतं म्हणून बारामती-इंदापूर म्हणजे हिरवा पट्टा असं बाहेरच्यांना वाटतं. या दोन्ही तालुक्यांचा मोठा भाग मात्र माळच आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनच हिवर, बोर, तरवड. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यासाठी राखलं गेलं, तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. अलीकडे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. लोक पैसे भरून लांडगा, चिंकारा, खोकड आणि धाविक पाहायला येतात. जी जमीन मोजणीत निरुपयोगी ठरली, ती पाहायला आता तिकीट आहे. काटेवाडीच्या हद्दीत असा माळ किती उरला आहे ते तुम्हीच मोजून सांगाल. पण माळ हद्दीनुसार जगत नाही. कडबनवाडीचा लांडगा ज्या कळपावर जगतो तो कळप आठ महिने कुठे फिरतो, हे धनगराला विचारल्याशिवाय ती सफारीही टिकणार नाही.

नोंद झाली की काय बदलतं याचं एक ताजं उदाहरण याच मातीतलं आहे. वाड्याचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन कळपासोबत चालणारं धनगरांचं घोडं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. भीमथडीची तट्टं एके काळी मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली. नंतर तो वाणच संपला असं धरून चालायची पद्धत पडली. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या पुढाकाराने मेंढपाळांच्या वाड्यांवर जाऊन या घोड्यांची मोजमापं, रक्ताचे नमुने, वंशावळ असं काम झालं आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. घोडं तेच होतं, माणसंही तीच होती. पण आता कागदावर ती एक जात आहे. तिच्या पैदाशीसाठी योजना मागता येते, ती दुर्मिळ झाली तर विचारणा करता येते. ही नोंद व्हायला एक संस्था आणि प्रयोगशाळा लागली. गावच्या बऱ्याच गोष्टींच्या नोंदीला मात्र एक वही आणि एक पेन पुरेल.

इथे कुणी म्हणेल, की अशी वही तर आहेच. बरोबर आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हावी असं ठरलं. ही कल्पना रुजवली माधव गाडगीळांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा आग्रह होता की माहिती लोकांनी सांगावी आणि ती लोकांचीच राहावी. पुढे बरीच वर्षं राज्यं थंड बसली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, न पाळल्यास राज्याला दरमहा दहा लाखांचा भुर्दंड लावला. मग घाई उडाली. अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थांनी एकाच साच्यातून वह्या काढल्या. तुमच्या कार्यालयातल्या कपाटातही ती असेल. एकदा बाहेर काढून चावडीवर वाचा. तिच्यात तुमची मेंढरं, तुमचे चर, तुमची बांधावरची झाडं ओळखू आली तर माझं पत्र बाजूला ठेवा. दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चालेल अशी ती वही निघाली, तर ती पुन्हा लिहायचा अधिकार तुम्हाला कायद्यानेच आहे.

आपल्या भागातली गावं आजवर बाहेरच्यांनीच लिहिली. गॅझेटियरकारांनी १८८५ मध्ये पुणे जिल्ह्याचे जाडजूड खंड छापले. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून बलुतेदारीची आतली वीण उलगडली. मान यांनी याच जिल्ह्यातली दोन गावं घरोघरी जाऊन अभ्यासली. ते मोठं काम आहे, आणि आजही गावाबद्दल काही शोधायचं तर आपण त्यांच्याकडेच जातो. पण वसुलीसाठी, राज्यकारभारासाठी किंवा अभ्यासासाठी लिहिलेलं गाव एक, आणि राहण्यासाठी लिहिलेलं गाव वेगळं. ते दुसरं पुस्तक अजून लिहायचं राहिलं आहे.

ग्रामसभेने ठरवलं तर काय घडतं, याचे दाखले महाराष्ट्रात आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट नेमून वर्षानुवर्षं चर्चा केली, सर्वसहमतीशिवाय निर्णय न घेण्याचा नेम पाळला आणि वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने खुद्द ग्रामसभेच्या हाती आले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक स्त्रीला २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेही अशाच गावांच्या अभ्यासासाठी. सामायिक मालमत्तेची वाट लागणारच, असं मानणाऱ्यांना तिने दाखवून दिलं की जिथे हद्द ठाऊक असते, वापरणारे ठाऊक असतात आणि नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, तिथे चराऊ रानं आणि कालवे शतकानुशतकं टिकतात.

पण दाखला उचलताना जपायला हवं. आदर्श गावांच्या पंचसूत्रीत चराईबंदी आहे. डोंगर उघडा पडलेल्या गावाला तिचा उपयोग झाला. तीच बंदी जशीच्या तशी काटेवाडीत आणली तर मेंढपाळ गावाबाहेर जाईल आणि रिंगणाला कळप उरणार नाही. तुमच्या गावचं सामायिक वेगळं आहे, नियमही वेगळे लागतील. मोकाट चराई आणि बंदी यांच्यामध्ये कुठल्या महिन्यात कुठलं रान, कुणाचे किती कळप, अशी बरीच जागा आहे.

यातूनच सर्वांत नाजूक प्रश्न येतो. सामायिक म्हणजे नेमकं कुणाचं? गावात ज्याला दहा एकर बागायत आहे त्याचं गायरानावाचून अडत नाही. अडतं ते भूमिहीनाचं, दोन शेळ्या पाळणाऱ्या बाईचं, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या धनगराचं, उसाच्या हंगामात कोपीत उतरणाऱ्या बीडकडच्या तोडणी मजुराचं. ज्याच्याकडे स्वतःचं कमी, त्याचा वाटा सामायिकात जास्त. म्हणून यादी करताना मोठ्या आवाजाची माणसं आधी बोलली तर वही चुकेल. आखाडा, मंदिर आणि प्रवेशकमान यांनीच पानं भरतील. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहेच. तिथून सुरुवात करा. विहिरीचं कुठलं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, कुठली रानभाजी कुठल्या बांधावर उगवते आणि तणनाशक मारायला लागल्यापासून ती कुठे दिसेनाशी झाली, हे बायकांइतकं कुणाला ठाऊक नसतं. परीट समाजाला विचारा: पायघड्यांची धोतरं कोण देतं, कोण धुतं, हा मान कसा फिरतो. धनगर वस्तीवर संध्याकाळी जा. दिवसा कुणी भेटणार नाही.

पद्धत साधी ठेवा. शिवारफेरी काढा, एक उन्हाळ्यात आणि एक दिवाळीच्या सुमाराला, कारण माळ आणि नाला या दोन्ही वेळी वेगळे दिसतात. शाळेतली पोरं लिहायला घ्या, म्हातारी माणसं बोलायला. प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी पुरतात: काय आहे, कुठे आहे, कोण वापरतं, कोण राखतं आणि कशाने धोक्यात आहे. ‘कोण राखतं’ हा रकाना कोरा राहिला तरी तो कोराच लिहा. पुढच्या सभेत तिथे नाव घालायचं काम मिळेल. जे लिहून उघड करायचं नाही, म्हणजे एखाद्या दुर्मिळ पक्ष्याचं घरटं किंवा वैदूकडचं औषध, ते समितीपाशी राहू द्या. आणि पालखीचा दिवस एकट्या काटेवाडीचा नसल्याने सणसर आणि बेलवाडीच्या ग्रामपंचायतींनाही बोलवा. कळपाची वाट दोन गावांत निम्मी-निम्मी नोंदवून उपयोग नाही.

दोन शंका मला आधीच ऐकू येतात. पहिली, ‘नोंद केली की सरकार ताब्यात घेईल.’ गायरान आजही सरकारचंच आहे. नोंदीने ते अधिक सरकारी होत नाही. उलट २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश राज्यांना दिले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने गायरानांबाबत शासन निर्णय काढला. कोर्टात काय चालतं ते अशा वेळी कळतं: तोंडी परंपरा नव्हे, लेखी नोंद. मात्र याच निकालाचा धाक दाखवून गरिबाची झोपडी हटवली जाते आणि धनिकाचं कुंपण तसंच राहतं, हेही घडताना आपण पाहतो. म्हणून राहायला दुसरी जागा नसणाऱ्यांचं काय करायचं, हे नोंद करण्याआधी ठरवा.

दुसरी शंका, ‘यातून गावाला मिळणार काय?’ ग्रामस्वच्छता अभियानात काटेवाडीने नाव कमावलं, इको व्हिलेज म्हणून गाव पाहायला लोक आले. तेव्हा बक्षीस होतं, फलक होता. या वहीला बक्षीस नाही. तिचा फायदा संकटाच्या वेळी दिसेल: रस्त्याची रेषा येईल तेव्हा, चर बुजवल्याची तक्रार येईल तेव्हा, एखादा मेंढपाळ कळप विकायला काढेल तेव्हा. स्वच्छ गाव दिसतं. राखलेलं गाव दिसायला वेळ लागतो, आणि ती वाट पाहण्याची ताकद तुमच्या गावात आहे असं मी धरून चाललो आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे पुढील ठराव ठेवावा अशी विनंती:

‘काटेवाडीच्या हद्दीतील सामायिक जमीन, पाणी, चर, वाटा, झाडे, माळ, तसेच मेंढ्यांचे रिंगण, धोतरांच्या पायघड्या, पाण्याच्या पाळीचे नियम आणि इतर सामायिक रीती यांची नोंदवही ग्रामसभा एका वर्षात तयार करील. नोंदवही महिला सभेत आणि ग्रामसभेत वाचून मंजूर केली जाईल. दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सभेत तिचे पुन्हा वाचन होईल. गावाच्या हद्दीत कोणताही प्रकल्प, रस्ता अथवा भाडेपट्टा मंजूर करण्यापूर्वी ही नोंदवही पाहिली जाईल आणि इतिवृत्तात तसे नमूद केले जाईल.’

शब्द बदला, तारखा बदला, चुका काढा. शेवटचं वाक्य मात्र वगळू नका, कारण वहीला दात आहेत ते त्याच वाक्यात. इंदापुरात आम्ही असाच ठराव आमच्या सभेपुढे ठेवायच्या विचारात आहोत. कुणाचा आधी मंजूर होतो ते पाहू.



आपला,
सणसरच्या अलीकडचा-पलीकडचा, इंदापूर तालुक्यातील एक शेजारी